गाडीचा कान वाहतो

डॉक्टरांच्या बायकोने शाळेच्या फाटकाशी गाडीतून पाय बाहेर ठेवला, तेव्हा त्या पायावरून पाणी निथळत होतं. ऐन उन्हाळा, रस्ता तव्यासारखा तापलेला, आणि तिची सँडल मात्र नदी ओलांडून आल्यासारखी. तिने पाय वर उचलून पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"गाडीत बाटली सांडलीस का?"

"मी कशाला सांडू?"

"मग माझ्या एकाच पायाला घाम सुटला?"

डॉक्टरांनी वाकून तिच्या पायाखालची चटई दाबून पाहिली. चटई पचकन बोलली. तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि बाई तशाच वर्गाकडे निघाल्या. त्या गणित शिकवतात. व्हरांड्यात उमटलेले एकाच पायाचे ओले ठसे बघून सातवीच्या वर्गाने त्या दिवशी बरीच चर्चा केली, पण तो आपला विषय नाही.

आता दुसऱ्या कुणाची गाडी असती, तर डॉक्टरांनी ती गॅरेजात नेऊन टाकली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण गाडी सासऱ्यांची होती.

सासऱ्यांना सगळं जग मास्तर म्हणायचं. उभा जन्म त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. मास्तरांना आयुष्यात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, तो म्हणजे गळती. नळ गळो, छप्पर गळो, शाईचं पेन गळो, मास्तर अस्वस्थ व्हायचे. निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल वगैरे दिलीच, पण प्रयोगशाळेतली जुनी रबरी बुचं टाकून देणार होते, ती मास्तरांनी आपणहून मागून घेतली. त्या दिवसापासून त्यांच्या आणि लेकीच्या, दोन्ही घरांतल्या बाटल्यांना रबरी बुचं बसली. प्रत्येक बुचावर मापाचा नंबर, पांढऱ्या रंगाने, मास्तरांच्या हातचा. मध चार नंबर, तेल सहा नंबर. मोरीच्या भोकालासुद्धा नंबर होता.

डोळे अधू व्हायला लागले तसं त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि थंडीच्या दिवसांत ती जावयाच्या हवाली केली. आदल्या दिवशी स्वतः धुतली, पुसली, किल्लीसुद्धा पुसली. "जावईबापू," किल्ली देताना ते म्हणाले, "हिचा एक थेंब गळत नाही. ना तेलाचा, ना पाण्याचा. तशीच राहिली पाहिजे." एवढं बोलून ते घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण या गाडीला मास्तरांचा कान बांधलेला होता. गेलं वर्षभर मास्तरांना एका कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. गेल्या महिन्यात रस्ता ओलांडताना त्या बाजूने स्कूटर आली, हॉर्न वाजला, आणि मास्तर आपले सरळ चालतच राहिले. कोपर खरचटण्यावर निभावलं. पण लेकीने धसका घेतला. तिचा नवरा कान, नाक, घशाचा डॉक्टर. गावभरचे कान त्याच्या हाताखालून जातात, आणि घरचा कान मात्र हाताला लागत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"कान काय पळून जातोय?" मास्तर म्हणाले होते. "आधी गाडी वर्षभर नीट सांभाळून दाखवा. ज्याला चार चाकं सांभाळता येत नाहीत, त्याच्या हाती मी कान द्यायचा?" डॉक्टरांनी एकदा जेवताना हळूच टॉर्च मारून पाहिला होता, तर मास्तर ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेले.

शिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मास्तर गाडी तपासायला येत. हा रविवार तर तपासणीचा होताच, वर सगळ्यांनी मिळून सासूबाईंच्या बहिणीचं नवं घर बघायला जायचं ठरलं होतं. त्याच गाडीतून.

गॅरेजात जायची सोय नव्हती. शहरातले यच्चयावत गॅरेजवाले मास्तरांचे विद्यार्थी होते. त्यांतले बरेचसे रसायनशास्त्रातच नापास झाल्यामुळे गॅरेजात आले होते, पण मास्तरांवर त्यांची भक्ती कायम होती. मागे एकदा डॉक्टरांनी नुसतं पंक्चर काढून घेतलं, तर ते घरी पोचायच्या आत मास्तरांचा फोन. "मागचं चाक का?"

"मी स्वतःच करतो," त्या दिवशी दुपारी जेवताना डॉक्टरांनी जाहीर केलं.

"तू?" बायकोने घास खाली ठेवला. "बेसिनचा नळ कधीचा टपटपतोय. तो कधी करणार?"

"नळाचं वेगळं. हे माझ्या विषयातलं आहे. आत पाणी साठतंय, बाहेर जायची वाट बंद आहे. म्हणजे नळी तुंबली. मी दिवसभर दुसरं काय करतो?"

"कानाला नटबोल्ट नसतात," ती म्हणाली. "आणि बाबांच्या कानाचा प्रश्न आहे, एवढं ध्यानात ठेव. गाडी बिघडली तर दुसरी घेता येईल."

तिचा आवाज जरा कापला. डॉक्टरांनी तो ऐकला आणि मग त्यांना माघार घेता येईना.

दवाखाना दुपारी बंद असतो. डॉक्टर इमारतीखालच्या गाडीत जाऊन बसले आणि मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस भलताच शांत होता. त्याची भाषा डॉक्टरांना कळत नव्हती आणि त्याची गाडीही दुसरीच होती, पण तो अधूनमधून हसायचा, त्यामुळे काम सोपं असावं असा डॉक्टरांचा समज झाला. त्याचं बघून त्यांनी पुढचा खण काढला, खणामागचं झाकण काढलं, निघालेले स्क्रू दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडले. आत एसीची काळी पेटी दिसली आणि पेटीला तळाशी एक फट. डॉक्टरांना फट दिसली आणि पुढचं सगळं हातांनीच केलं. कानातला मळ काढायची मोठी पिचकारी त्यांनी भरून आणली होती. पाणी कोमट होतं, कारण कानात गार पाणी गेलं की पेशंटला चक्कर येते.

बायको गॅलरीतून बघत होती. "पाणी काढतोयस की घालतोयस?"

"आधी घालावं लागतं."

"आणि मग?"

"मग ते घाण घेऊन बाहेर येतं."

ते बाहेर आलं, पण डॉक्टरांच्या मांडीवर. त्यांनी पुन्हा पिचकारी भरली. पुन्हा मांडी भिजली. आडातलं काढायला गेलेल्या माणसाने आडच भरून टाकावा तसं झालं आणि संध्याकाळपर्यंत चटईखालचा गालिचाही पाण्याने फुगला. शेवटी त्यांनी सगळं होतं तसं बसवलं. ट्रेमध्ये एक स्क्रू उरला. तो कुठला हे काही केल्या आठवेना, म्हणून त्यांनी तो पुढच्या खणातच टाकून दिला. "कंपनी एखादा जास्तच देते," असं ते बायकोला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला ओल्या गोधडीचा वास सुटला. वास घालवायला डॉक्टरांनी अंगाला लावायची पावडर सढळ हाताने शिंपडली. पावडर ओल्या गालिच्यावर पडून तिची कणीक झाली, आणि जी कोरडी राहिली ती वाऱ्याच्या जाळ्यांमधून आत गेली. हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी गाडीत बसून आपल्या बाजूची जाळी तोंडाकडे वळवली आणि पंखा लावला. त्या दिवशी मुख्याध्यापिकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, बरं वाटत नसेल तर अर्धा दिवस घरी जा, असं आपणहून सांगितलं. बाई गेल्या नाहीत. घरी जायचं म्हणजे पुन्हा त्याच गाडीतून.

त्या दुपारी डॉक्टरांनी दवाखान्यातलं पाणी ओढायचं मशीन आणलं. वाहत्या कानातला स्राव ज्याने ओढून काढतात ते. गॅलरीतून वायर सोडली, मशीन मागच्या सीटवर ठेवलं, बारीक नळी गालिच्यात खुपसली. मशीन गुरगुरलं आणि पाणी खरंच यायला लागलं. मात्र कानातला थेंबभर स्राव ओढायला केलेल्या नळीने गाडी उपसायची म्हणजे चमच्याने विहीर उपसण्यातला प्रकार. डॉक्टर घामाघूम झाले, पण समाधानात होते. इतक्यात फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टर होत्या.

"डॉक्टर, त्या काकू आल्यात, कान साफ करायला. लवकर बोलावलं होतं ना तुम्ही. पण मशीन दिसत नाही इथे."

"मशीन व्हिजिटला आलंय."

"कुणाकडे?"

"गाडीकडे," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर डॉक्टरांकडे फार वर्षं होत्या आणि नवल करण्यात वेळ घालवायच्या नाहीत. "मग काकूंना तिकडेच पाठवते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दवाखाना शेजारच्याच इमारतीत होता. काकू छत्री घेऊन आल्या, चपला सावरत मागच्या सीटवर बसल्या आणि कान पुढे केला. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला, नळी बदलली आणि बसल्या जागी कान साफ केला. एसी चालू होता. काकू खूश झाल्या. त्यांच्या मते दवाखान्यातही अशीच व्यवस्था करायला हरकत नव्हती. मग उतरताना त्यांनी पुढच्या सीटखालचं तळं पाहिलं.

"हिचाही कान वाहतो वाटतं."

"हो ना. नळी तुंबलीय."

"अचानकच?"

"थंडीत काही नव्हतं. आता एसी लावायला लागलो, तर सुरू झालं."

"आमच्या नातीचं नाक असंच एकाएकी वाहायला लागलं होतं," काकू छत्री उघडत म्हणाल्या. "तुम्ही तिला बघण्याआधीच विचारलंत, आत कुणी काही घातलं होतं का. आणि निघाला की हो मणी."

"गाडीच्या नाकात कोण मणी घालणार, काकू?" डॉक्टर हसले.

काकू गेल्या. डॉक्टर हसत हसत नळी पुन्हा गालिच्यात खुपसायला वाकले आणि तसेच थांबले. अचानक वाहायला लागलेला कान असो की नाक, पहिला प्रश्न तोच असतो. हजारदा त्यांनी तो विचारला असेल. काखेत कळसा आणि दोन दिवस ते गावाला वळसा घालत होते.

त्यांनी मशीन बंद केलं. गाडीची पुढची चाकं फुटपाथवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, चटई अंथरली आणि कपाळावरचा दिवा लावून गाडीखाली उताणे झाले. थोडं शोधावं लागलं. मग इंजिनाच्या मागच्या अंगाला अंगठ्याएवढ्या जाडीची एक रबरी नळी खाली तोंड करून लोंबताना दिसली. एसीचं पाणी हिच्यातून रस्त्यावर पडायला हवं होतं. नळी ठणठणीत कोरडी होती. आणि तिच्या तोंडात काहीतरी काळं, गोल, गुळगुळीत दिसत होतं.

डॉक्टरांनी काकूंच्या नातीच्या नाकातला मणी काढला होता त्याच चिमट्याने ते धरलं. हलेना. त्यांनी मनगट जरा फिरवलं, ओढलं, आणि फटकन आवाज होऊन ते बाहेर आलं. पाठोपाठ पेटीत तुंबलेलं सगळं पाणी डॉक्टरांच्या तोंडावर आलं. ते तसेच पडून राहिले. मग चिमटा दिव्यासमोर धरला. रबरी बूच होतं. त्यावर पांढऱ्या रंगात, सुवाच्य अक्षरात पाच हा आकडा होता.

वर आले तेव्हा बायको वह्या तपासत होती. त्यांनी बूच तिच्यासमोर ठेवलं. तिने ते उचललं, फिरवलं, आकडा पाहिला आणि लाल पेन हळूच बंद केलं.

"बाबा," ती म्हणाली.

"गेल्या उन्हाळ्यात गाडीखाली पाणी पडलेलं दिसलं असेल त्यांना."

"अरे, पण ते एसीचं पाणी. हवेतली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं, हे मला त्यांनीच शिकवलंय. फळ्यावर गार पेल्याचं चित्र काढून. पेल्याला बाहेरून थेंबसुद्धा काढायचे ते."

शिकवणं वेगळं आणि आपल्या गाडीखाली डबकं दिसणं वेगळं. हे तिलाही कळत होतं. जरा वेळाने तिने बूच नवऱ्याच्या हातात परत दिलं.

"सांगू नकोस त्यांना. डोळे गेले, गाडी गेली, कानही चाललाय. एवढं एक तरी त्यांचं बरोबर राहू दे."

"मी कशाला सांगू? गळती थांबली, आपलं काम झालं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनी ठरवलं. गालिचा दिवसभर उन्हात वाळवला, चटई धुतली, पावडरची कणीक खरवडली, गाडीच्या पोटातलं पायाखालचं सगळं कोरडंठाक झालं. डॉक्टरांनी बूच खिशात ठेवलं आणि शांत झोपले. एक गोष्ट मात्र दोन पदवीधरांच्या डोक्यात आली नाही. पाण्याची वाट मोकळी झाली होती. म्हणजे पाणी आता त्या वाटेने जाणार होतं.

रविवारी मास्तर आणि सासूबाई बसने आले. ऊन मी म्हणत होतं. म्हाताऱ्या माणसांना तापल्या गाडीत बसायला नको म्हणून डॉक्टरांनी आधीच खाली जाऊन इंजिन आणि एसी सुरू करून ठेवला होता. सासूबाईंच्या हातात नेहमीची कापडी पिशवी होती. गाडीत बसायच्या आधी त्या चपला काढून त्या पिशवीत घालत आणि पिशवी मांडीवर ठेवत. मास्तरांच्या गाडीला चिखलमाती लागू नये म्हणून, असं सगळे धरून चालले होते, आणि गणिताच्या बाई आपल्या आईचं उदाहरण लोकांना द्यायच्याही.

मास्तरांनी गाडीभोवती फेरी मारली. काचेवरून बोट फिरवलं. टायर दाबून पाहिले. दार उघडून वाकून चटई पाहिली, गालिचा पाहिला, नाक लावून हुंगलासुद्धा. "पावडरीचा वास येतोय," ते म्हणाले, "पण स्वच्छ आहे. छान ठेवलीत, जावईबापू." लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरांची छाती फुगली. मास्तर दार लावून पुढे आले आणि थबकले.

गाडीच्या पुढच्या भागाखाली थेंब पडत होते. टप्, टप्, आणि खाली चांगलं ताटाएवढं ओलं झालं होतं. मास्तर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. ओल्यात बोट बुडवलं, वास घेतला.

"गाडी गळतेय."

"बाबा, ते एसीचं पाणी," डॉक्टर त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन म्हणाले. "ते बाहेरच पडायला पाहिजे."

"माझ्याकडे असताना पडत नव्हतं."

खिशात डॉक्टरांची बोटं बुचावर होती. बायको मास्तरांच्या मागे उभी राहून मान हलवत होती, नको म्हणून.

"उन्हाळाभर चालवली मी," मास्तर म्हणाले. "खाली कागद अंथरून बघायचो. टिपूस नसायचा. तुमच्याकडे एसी लागून महिना झाला नाही, तर ही अवस्था." ते रागावले नव्हते, आणि डॉक्टरांना तेच सोसवेना. मास्तरांनी हात पुढे केला. "किल्ली द्या. गाडी मी परत नेतो."

"बाबा, चालवणार कोण?" लेकीने विचारलं.

"उभी राहील. पण कोरडी उभी राहील." मास्तरांनी हात तसाच ठेवला. "आणि कानाचं पुन्हा नाव काढू नका कुणी. जे ऐकायचं ते एका कानाने पुरतं मला."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

या सगळ्यात सासूबाई कुठेच नव्हत्या. मंडळी उन्हात बोलत बसली की त्यांना कंटाळा येई, म्हणून त्या सरळ जाऊन नेहमीच्या जागी, चालवणाऱ्याच्या शेजारी बसल्या होत्या. चपला पिशवीत होत्या. त्यांनी अनवाणी पाय खाली टेकवले. उचलले. पुन्हा टेकवले, टाचेने जरा दाबून पाहिलं. मग पिशवीतून चपला काढल्या, पायात घातल्या आणि समोर बघत बसल्या.

मास्तरांना उघड्या दारातून ते दिसलं. किल्लीसाठी पुढे केलेला हात खाली आला.

"चपला घालून बसलीस?"

"कोरडं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

मास्तर दाराशी गेले. सासूबाईंनी जरा मोठ्याने सांगितलं. "कोरडं आहे म्हटलं. गेल्या उन्हाळ्यात इथे पाणी साठायचं पायाखाली. चपला कुजायला लागल्या, म्हणून काढून पिशवीत ठेवायला लागले. मग सवयच झाली."

"पाणी साठायचं? या गाडीत?"

"या गाडीत. दुसरी कुठली आहे आपल्याला?"

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगत होते की. रोज सांगत होते. अहो, पाय भिजताहेत. तुम्ही म्हणायचात, हो, छान गार वाटतंय."

मास्तरांनी गाडीतल्या कोरड्या गालिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या ओल्या जमिनीकडे. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. शाळेत एखादा प्रयोग फसला की ते असेच उभे राहायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. बऱ्याच वेळाने ते वळले आणि जावयापुढे पुन्हा हात केला.

डॉक्टर इंजिन बंद करून किल्ली काढायला वळले.

"किल्ली नको. पाच नंबर कुठे आहे?"

डॉक्टरांनी खिशातलं बूच काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. मास्तरांनी ते रुमालाने पुसलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं.

"घट्ट बसलं होतं मात्र, बाबा," डॉक्टर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

"बसणारच. माप चुकलं नव्हतं. जागा चुकली." मास्तर पुन्हा सासूबाईंकडे वळले. "रोज सांगायचीस?"

"रोज."

"कुठून?"

"इथूनच. तुमच्या शेजारून."

मास्तरांचा हात आपोआप त्या बाजूच्या कानाकडे गेला. उन्हाळाभर बायको ज्या बाजूला बसून पायाखालचं पाणी सांगत होती, त्या कानाकडे. तो तिथेच काही वेळ राहिला.

"जावईबापू," ते म्हणाले, "दवाखाना रविवारी उघडता येतो का?"

"बाबा, मावशी वाट बघत असेल," लेक म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली.

"बघू दे. तिचं घर कुठे पळत नाही."

दवाखान्यात मास्तर पेशंटच्या खुर्चीत ताठ बसले. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला आणि या वेळी क्रम चुकवला नाही.

"बाबा, कानात कधी काही घातलं होतं का?"

"मी काय लहान मूल आहे?"

डॉक्टरांनी कान जरा मागे ओढून आत पाहिलं. मग चिमटा उचलला. तोच, मण्याचा आणि बुचाचा. अगदी हलक्या हाताने त्यांनी तो आत नेला, धरलं, मनगट किंचित फिरवलं आणि बाहेर काढलं. स्टीलच्या ट्रेमध्ये पडलं ते पिवळट काळं, घट्ट वळलेलं, दोन्ही टोकांना गोल.

"कापूस," डॉक्टर म्हणाले.

"अगंबाई," सासूबाई दारातून पुढे आल्या. "एसीचा वारा त्या कानात शिरतो म्हणून घातला होता तुम्ही. गेल्या उन्हाळ्यात. मला वाटलं, काढला असेल."

मास्तरांनी ट्रे हातात घेतला आणि कापूस चिमट्याने इकडून तिकडून फिरवून पाहिला. लेक तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून उभी होती. हसत होती की रडत होती हे तिलाही सांगता आलं नसतं.

"काम चोख आहे," मास्तर म्हणाले. "नुसता नंबर टाकायचा राहिला."

मग सगळे मावशीच्या नव्या घराकडे निघाले. मास्तर नेहमीप्रमाणे चालवणाऱ्याच्या बरोबर मागे बसले. तिथून त्यांना वेगाचा काटा दिसतो. एरवी तिथे बसून ते फक्त काट्यावर लक्ष ठेवत, बाकी गाडीचं काही त्यांच्या कानावर जात नसे, आणि त्यामुळे डॉक्टरांचं बरं चाललं होतं. एसी चालू होता. पाणी रस्त्यावर पडत होतं, आणि मास्तरांनी ते पडू दिलं होतं.

गाडी हमरस्त्याला लागल्यावर मास्तर पुढे वाकले.

"पाय कोरडे आहेत ना?"

सासूबाई वळल्या नाहीत. समोर बघतच, स्वतःशी बोलावं तेवढ्या हळू म्हणाल्या, "आहेत."

"ऐकलं," मास्तर म्हणाले आणि मागे टेकून बसले.

डॉक्टरांना इतकं भरून आलं की चढ आलेला त्यांना कळलाच नाही.

"जावईबापू," मागून आवाज आला. "गिअर बदला. केव्हाचं रडतंय इंजिन."

डॉक्टरांनी गिअर बदलला.

"आणि पुढच्या खणात एक स्क्रू खुळखुळतोय. कुठला आहे तो?"